तीस फुटांवरून तीन फुटांत

दक्षिण कोरियाची गोल्फपटू इनबी पार्क हिचा स्विंग पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा सरावाचा फटका असावा, खरा अजून यायचाय. क्लब इतक्या सावकाश मागे जातो. तो जवळजवळ सरळ उभा वर चढतो, मनगटं जेमतेम मुडपतात, वर पोचल्यावर क्षणभर सगळं थांबल्यासारखं होतं. आणि खाली येताना, क्लब चेंडूपर्यंत पोचण्याआधीच तिचं डोकं लक्ष्याकडे वळायला लागलेलं असतं. गोल्फ शिकवणारे पहिल्या दिवशी ज्या गोष्टी करू नका म्हणून बजावतात, त्यांतल्या निम्म्या इथे आहेत. मनगट मुडपलं नाही तर क्लबच्या टोकाला वेग मिळत नाही. डोकं आधी उचललं तर फटका चेंडूच्या माथ्यावर बसतो, असं नवशिक्यांना सांगतात.

या स्विंगवर तिने अमेरिकेतल्या एलपीजीए या महिलांच्या व्यावसायिक टूरवर २१ स्पर्धा जिंकल्या. त्यांत ७ मेजर, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मानाच्या स्पर्धा. ऑलिंपिकचं सुवर्णपदक वेगळं. जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर तिने एकूण शंभराहून जास्त आठवडे काढले.

आधी त्या डोक्याविषयी. चेंडूवर नजर खिळवण्याचा अतिरेक केला की छाती आणि खांदे मध्येच अडतात, हात एकटे पुढे निघून जातात आणि क्लबचा चेहरा भलत्याच कोनात वळतो. डोकं शरीराबरोबर फिरू दिलं तर धड अखंड फिरत राहतं. स्वीडनची अनिका सोरेन्स्टाम आणि अमेरिकेचा डेव्हिड डुव्हाल हे दोघेही असेच खेळत, आणि दोघेही जगात पहिल्या क्रमांकावर पोचले. मनगटाचंही तसंच आहे. कमी मुडपलेलं मनगट वेग कमी देतं हे खरं, पण मग खाली येताना ते नेमक्या क्षणी उलगडण्याची कसरतही करावी लागत नाही. दडपणाखाली सगळ्यांत आधी बिघडतं ते हेच वेळेचं गणित. पार्कने वेगावर पाणी सोडलं आणि बिघडण्याजोगी एक जागाच कमी केली.

याची किंमत अंतरात मोजावी लागते. भरात असतानाही तिचा ड्राइव्ह, म्हणजे होलचा पहिला लांब फटका, सरासरी अडीचशे यार्डांच्या आतबाहेर पडायचा. टूरवरच्या लांब मारणाऱ्या मुली तिच्या वीस-पंचवीस यार्ड पुढे. ४०० यार्डांच्या पार-४ होलवर (चार फटक्यांत पुरं व्हावं असं ठरलेलं होल) त्या हातात ८ नंबरचं आयर्न घेऊन ग्रीनकडे, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवताकडे, बघत असतात, तेव्हा पार्कच्या हातात बरेचदा त्याहून लांब क्लब असतो. लांब क्लबने मारलेला चेंडू ग्रीनवर सपाट कोनात उतरतो, पुढे घरंगळतो आणि ध्वजापासून दूर थांबतो. त्यामुळे बर्डीसाठी (पारपेक्षा एक फटका कमी) तिच्या वाट्याला येणारे पट, म्हणजे ग्रीनवरून भोकाकडे गडगडवायचे फटके, बरेचदा वीस, पंचवीस, तीस फुटांचे. तिची कारकीर्द समजून घ्यायची तर याच पट्ट्यात समजून घ्यावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

पटिंगची आकडेवारी वाचताना एक फसगत नेहमी होते. एका फेरीत किती पट लागले हा आकडा सहज मिळतो, पण त्यावरून फारसं काही कळत नाही. जो खेळाडू ग्रीन सारखा चुकवतो आणि मग बाजूच्या गवतातून छोटी चिप मारून चेंडू भोकाजवळ आणतो, त्याचे पट आपोआप कमी भरतात. त्यात पटिंगचं कौशल्य थोडं, आधीच्या चुकीचा परिणाम जास्त. म्हणून बघायचा तो दुसरा आकडा: पारपेक्षा दोन फटके राखून ग्रीन गाठलं, आणि त्यानंतर सरासरी किती पट लागले. २०१२ आणि २०१३ साली या मोजमापात पार्क एलपीजीए टूरवर सगळ्यांच्या पुढे होती. लांबून सुरुवात करूनही पुढे होती, हे त्यातलं विशेष.

ग्रीनवर नेमकं काय होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं. भोकाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. कागदावर ही जागा ऐसपैस वाटते. पण चेंडू जितका वेगात येईल तितकं भोक त्याच्यासाठी अरुंद होत जातं. हळू येणारा चेंडू कडेला टेकला तरी आत पडतो, जोरात येणारा मधोमध आला तरच पडतो, नाहीतर कड चाटून बाहेर जातो. उलट फार हळू मारला तर शेवटच्या दोन-तीन फुटांत उतार त्याला हवा तसा ओढतो. म्हणजे दिशा ही वेगावर अवलंबून असते. एकाच जागेवरून जोरात मारायचा तर वळण कमी धरायचं, हळू मारायचा तर जास्त. वेग ठरल्याशिवाय रेषेला अर्थ नाही. हौशी खेळाडू चेंडूमागे बसून रेषा दोन मिनिटं न्याहाळतात आणि वेगाचा विचार फटका मारताना करतात. तीन पट लागतात ते बहुतेक इथे.

अमेरिकेच्या पुरुष व्यावसायिकांची मोजमापं पाहिली तर ३ फुटांवरून शंभरात ९६ पट आत जातात, ८ फुटांवरून साधारण निम्मे, २० फुटांवरून पंधराच्या आसपास आणि ३० फुटांवरून जेमतेम सात. जगातले सर्वोत्तम पुरुष. म्हणजे तीस फुटांवरून चेंडू आत जाणं ही कमाई वरकड, खरं काम तो तीन फुटांच्या आत थांबवणं. पहिला पट पाच फुटांवर थांबला तर पुढचा चारांत एकदा चुकतो. अशा एका फेरीत तीन जास्तीचे फटके गेले तर चार दिवसांत बारा जातात, आणि मेजर स्पर्धेत पहिली आणि विसावी यांच्यात अंतर साधारण तेवढंच असतं.

पार्कच्या पटरचं (पट मारायच्या क्लबचं) डोकं मागे जाताना आणि पुढे येताना जमिनीलगत राहतं. याचा फायदा यांत्रिक आहे. पटरच्या चेहऱ्याला तीन-चार अंशांचा उतार असतो, कारण चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित रुतलेला असतो आणि त्याला तिथून हलकेच उचलून काढावं लागतं. पटर वरून खाली आला तर चेंडू आधी दाबला जातो, मग टणकन उडी घेतो आणि त्याचं पहिलं काही अंतर घसरण्यात जातं. जमिनीलगत, समान गतीने आलेला पटर चेंडूला लवकर गडगडायला लावतो. लवकर गडगडणारा चेंडू त्याच अंतराला दरवेळी तसाच थांबतो. अंतरावरचा ताबा म्हणतात तो यातून येतो. झटका दिला, मनगट मध्ये घातलं, की एकदा दोन फूट अलीकडे आणि एकदा चार फूट पलीकडे.

आता थोडं मागे. १९९७च्या अखेरीस दक्षिण कोरियाची अर्थव्यवस्था कोसळली आणि देशाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून कर्ज घ्यावं लागलं. १९९८च्या जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधल्या ब्लॅकवुल्फ रन कोर्सवर वीस वर्षांची पाक से-री अमेरिकन महिला ओपनच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडायच्या जादा खेळात) जेनी चुआसिरिपोर्न या हौशी खेळाडूशी बरोबरीत होती. अठराव्या होलवर से-रीचा चेंडू पाण्याच्या काठावर उतारावर अडकला. तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरली आणि चेंडू आडवा बाहेर काढला. उन्हाने रापलेल्या पोटऱ्यांखाली तिची पांढरी पावलं दिसली. वीस होल्सच्या प्लेऑफनंतर ती जिंकली. कोरियात ते दृश्य टीव्हीवर पुन्हापुन्हा दाखवलं गेलं. पहाटे उठून ते पाहणाऱ्यांत दहाव्या वर्षात असलेली इनबी होती. नंतर दोनच दिवसांत तिने क्लब हातात घेतला असं तिने सांगितलं आहे. तिच्याच वयाच्या शिन जी-याई, किम इन-क्युंग, छोई ना-योन याही त्या पिढीतल्या. कोरियात त्यांना 'से-री किड्स' म्हणतात. यांतल्या छोई ना-योनने २०१२ साली अमेरिकन ओपन जिंकलं ते ब्लॅकवुल्फ रनवरच.

एका सामन्याने इतक्या मुली घडल्या, असं सांगणं सोपं आहे आणि मला ते अपुरं वाटतं. कोरियाचीच कू ओक-ही १९८८ सालीच एलपीजीए स्पर्धा जिंकली होती, पण तेव्हा घराघरात टीव्हीवर ते पोचलं नव्हतं. १९९८ नंतर मात्र पालक, पैसा आणि स्पर्धांची उतरंड हे सगळं एकत्र आलं. कोरियात महिलांच्या व्यावसायिक टूरला तीन पायऱ्या आहेत: जंप, ड्रीम आणि वर नियमित टूर. मुलगी सोळा-सतराव्या वर्षी खालच्या पायरीवर दर आठवड्याला कट लागण्याची, म्हणजे स्पर्धेतून मध्येच बाद होण्याची, भीती अनुभवते. कोर्सवर खेळणं महाग आणि जागा अपुरी, म्हणून शहरातले मुलांचे तास बहुमजली जाळीबंद रेंजवर जातात. चटईवरून हजारो चेंडू मारून स्विंग पक्का होतो खरा, पण उताराच्या ग्रीनवरचा स्पर्श तिथे मिळत नाही. परवडणारी कुटुंबं म्हणूनच बाहेर पडली.

इनबीचं कुटुंब त्यांतलं. बाराव्या वर्षी ती अमेरिकेत फ्लोरिडाला गेली, नंतर लास व्हेगासला. २००२ साली चौदाव्या वर्षी तिने अमेरिकन ज्युनियर मुलींचं विजेतेपद घेतलं. सतराव्या वर्षी व्यावसायिक व्हायचं ठरवलं तेव्हा एलपीजीएचा अठरा वर्षांचा नियम आडवा आला. सवलतीचा अर्ज नामंजूर झाला. मग २००६ साल तिने खालच्या फ्यूचर्स टूरवर काढलं, कमाईच्या यादीत तिसरी आली आणि त्या जोरावर २००७चं एलपीजीए कार्ड मिळवलं. फ्यूचर्स टूर म्हणजे छोटी बक्षिसं, लांबचे मोटारप्रवास आणि स्वस्त मुक्काम. तिथे वर्षभर टिकलेली मुलगी मोठ्या टूरवर निदान वेळापत्रकाला घाबरत नाही.

२००८च्या जूनअखेर मिनेसोटातल्या इंटरलाकन क्लबवर ती अमेरिकन ओपन जिंकली. पार ७३च्या कोर्सवर ७२, ६९, ७१, ७१. एकूण नऊ अंडर, म्हणजे पारपेक्षा नऊ फटके कमी, दुसऱ्या आलेल्या हेलन आल्फ्रेडसनपेक्षा चार फटके कमी. वय अजून वीस पूर्ण नव्हतं. या स्पर्धेची ती सर्वांत तरुण विजेती ठरली.

आणि मग चार वर्षं एलपीजीएवर एकही विजय नाही.

तिच्याविषयी लिहिणारे ही चार वर्षं दोन ओळींत उरकतात, आणि मला ते पटत नाही, कारण पुढचं सगळं इथेच तयार झालं. घसरण मुख्यतः टीवरून, म्हणजे होलच्या पहिल्या फटक्यात, झाली. ओपन विजेती म्हणून प्रत्येक ठिकाणी नाव पुकारलं जायला लागलं, चेंडू कुठे जाईल याची खात्री राहिली नाही, आणि खात्री नसली की हात आवळतात. आवळलेल्या हातांनी क्लबचा चेहरा उघडा राहतो, चेंडू उजवीकडे जातो. ते टाळायला जाणूनबुजून हात वळवले की डावीकडे. चेंडू दोन्ही बाजूंना जायला लागला की खेळाडूला कुठेच नेम धरता येत नाही. एकाच बाजूची चूक सांभाळून खेळता येतं, दोन बाजूंची नाही. खेळ सोडावा असंही या काळात मनात येऊन गेल्याचं तिने नंतर मुलाखतींत सांगितलं आहे.

दोन गोष्टींनी ती सावरली. पहिली, जपान. २०१० पासून ती जपानी महिला टूरवर खेळायला लागली आणि २०१२ पर्यंत तिथे चार स्पर्धा जिंकली. जपानमधल्या बहुतेक स्पर्धा तीन दिवसांच्या, प्रवास जवळचे, कोर्स अरुंद आणि नीटस. तिथे लांबीपेक्षा नेमकेपणाला पैसे मिळतात. जिंकायची सवय ही सरावाच्या मैदानावर परत येत नाही. रविवारी दुपारी आघाडी हातात धरून शेवटची पाच होल्स खेळावी लागतात, आणि ती संधी तिला जपानने पुन्हापुन्हा दिली. दुसरी गोष्ट, नाम गी-ह्योब. कोरियाच्या पुरुष टूरवर खेळलेला हा माणूस २०११ साली तिचा वाग्दत्त वर झाला आणि प्रशिक्षक म्हणून सोबत फिरायला लागला. (लग्न २०१४ साली झालं.) बाहेरून पाहणाऱ्याला दिसणारा तिचा स्विंग बहुतेक तसाच राहिला, सुधारला तो चेंडूशी होणारा संपर्क. प्रसिद्ध गुरूकडे जाऊन सगळं मोडून नव्याने बांधायची घाई तिने केली नाही, हा मला तिच्या कारकिर्दीतला सगळ्यांत शहाणा निर्णय वाटतो. पूर्ण बदललेला स्विंग शांत दिवशी सुंदर दिसतो आणि दडपण आलं की शरीर जुन्या सवयीकडे पळतं. मग खेळाडूकडे जुनाही नसतो आणि नवाही.

२०१२च्या जुलैमध्ये ती फ्रान्समधली एव्हियां मास्टर्स जिंकली. त्या वर्षाअखेर कमाईच्या यादीत पहिली, आणि सरासरी सर्वांत कमी फटक्यांसाठी मिळणारी व्हेअर ट्रॉफीही तिचीच.

२०१३ साल आलं. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात क्राफ्ट नॅबिस्को: पंधरा अंडर, चार फटक्यांनी. आठवड्याभरात ती जगात पहिल्या क्रमांकावर. जूनमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लोकस्ट हिलवर एलपीजीए चॅम्पियनशिप. पावसाने पहिला दिवस वाहून गेला म्हणून रविवारी ३६ होल्स. दिवसभर चालून पाय जड झालेले, रफ (कडेचं वाढलेलं गवत) दाट, आणि तिने शेवटच्या काही होल्सवर आघाडी घालवली. स्कॉटलंडच्या कॅट्रिओना मॅथ्यूबरोबर प्लेऑफ झाला आणि तिसऱ्या जादा होलवर पार्कने बर्डीचा पट घातला. त्या वर्षी जिंकलेल्या तीन मेजरमधला हा तिचा सर्वांत विस्कळीत खेळ, आणि म्हणूनच सर्वांत पाहण्यासारखा. टीवरून फसलेला चेंडू रफमधून नुसता फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) काढायचा, तिसऱ्या फटक्याने ग्रीन, आणि दहा-बारा फुटांचा पारचा पट. तो पडला तर नुकसान तिथेच थांबतं.

जूनअखेर लाँग आयलंडवरच्या सेबोनॅकला अमेरिकन ओपन. जॅक निक्लॉस आणि टॉम डोक या दोघांनी मिळून आखलेला हा कोर्स, खाडीवरचा वारा आणि लाटांसारखे चढउतार असलेली ग्रीन्स. इथे ग्रीनवर चेंडू असणं पुरेसं नाही. चुकीच्या टप्प्यावर असला तर मध्ये चार फुटांचा चढ, वळण आणि पुन्हा उतार. पहिल्या दोन दिवशी ६७ आणि ६८, नंतर ७१, ७४. एकूण आठ अंडर. साऱ्या स्पर्धकांत अंडर पार राहिल्या त्या तिघीच: पार्क, किम इन-क्युंग आणि र्यू सो-योन. तिघीही कोरियन. वर्षातल्या पहिल्या तीन मेजर सलग जिंकणारी पार्क ही १९५० सालच्या बेब झहारियसनंतरची पहिलीच, आणि झहारियसच्या काळी महिलांच्या मेजर होत्या तीनच.

मग चौथीकडे साऱ्यांचे डोळे लागले: ब्रिटिश ओपन, सेंट अँड्र्यूज. तिथे ती बरोबरीच्या ४२व्या स्थानावर राहिली. शनिवारी वाऱ्याने खेळ थांबवावा लागला आणि रविवारी दोन फेऱ्या खेळाव्या लागल्या. अपेक्षेचं ओझं होतंच, पण खेळाच्या अंगानेही कारण दिसतं. ओल्ड कोर्सवर सात ग्रीन्स दुहेरी आहेत, प्रत्येकी दोन होल्सची, प्रचंड मोठी. तिथे पहिला पट ऐंशी-शंभर फुटांचाही येतो. शिवाय लिंक्स म्हणतात त्या समुद्रकाठच्या कोर्सवर ग्रीन्स मुद्दाम मंद ठेवतात, नाहीतर वाऱ्याने थांबलेला चेंडूही हलायला लागतो. ज्या अंतरांची आणि ज्या वेगाची तिला सवय होती, ती दोन्ही तिथे लागू पडली नाहीत. त्या वर्षीची एलपीजीएची सर्वोत्तम खेळाडू मात्र तीच ठरली. हा मान मिळवणारी पहिली कोरियन.

ब्रिटिश ओपन राहून गेलं ते दोन वर्षं. २०१४ आणि २०१५ साली तिने एलपीजीए चॅम्पियनशिप पुन्हा जिंकली, सलग तिसऱ्यांदा (तोवर स्पर्धेचं नाव बदलून महिला पीजीए झालं होतं). २०१५च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टर्नबेरी. पाठ दुखत होती, आणि शेवटच्या दिवशी सकाळी ती आघाडीपासून तीन फटके मागे होती. पुढे होत्या तैवानची टेरेसा लू आणि वीस वर्षांची को जिन-यंग.

ती शेवटची फेरी होल-होल करून पाहावी अशी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या होलवर बर्डी. चौथ्या आणि पाचव्यावर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त). कमावलेलं सगळं गेलं. इथे सामान्यपणे खेळाडू ध्वजावर थेट नेम धरायला लागतो, आणि लिंक्सवर तेच घातक, कारण कडक जमिनीवर चेंडू ध्वजाजवळ पडला की पुढे बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो. उतरवायचा तो अलीकडे आणि पळू द्यायचा. पार्क तेच करत राहिली. सातव्यापासून दहाव्यापर्यंत सलग चार बर्डी. चौदावं होल पार-५. तिथे ईगल (पारपेक्षा दोन फटके कमी), आणि ती कोच्या बरोबरीला आली. सोळाव्यावर ग्रीनच्या समोरून एक ओढा वाहतो. पार्कने तिथे बर्डी केली. मागून येणाऱ्या कोचा दुसरा फटका त्याच ओढ्यात गेला. डबल बोगी. ६५ची फेरी, बारा अंडर, तीन फटक्यांनी विजय. चार वेगवेगळ्या मेजर जिंकणारी ती सातवी महिला.

यावर एक वाद आहे. २०१३ पासून एव्हियांला मेजरचा दर्जा मिळाला आणि मेजर पाच झाल्या. पार्क एव्हियां जिंकली ती एक वर्ष आधी, दर्जा नसताना. मग हा करिअर ग्रँड स्लॅम, म्हणजे कारकिर्दीत सगळ्या मेजर जिंकणं, खरा का? एलपीजीएने चार वेगवेगळ्या मेजर पुरेशा मानल्या. मला ते योग्य वाटतं: आधीच्या सहा जणींनाही चारच पुऱ्या कराव्या लागल्या होत्या, आणि स्पर्धा संयोजकांनी मध्येच पाचवी वाढवली याचा भार खेळाडूवर टाकू नये.

हॉल ऑफ फेमचा (थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीचा) हिशेब याहून कडक होता. एलपीजीएला तेव्हा २७ गुण लागत: साध्या विजयाचा एक, मेजरचे दोन, वर्षातली सर्वोत्तम खेळाडू किंवा व्हेअर ट्रॉफी यांचा प्रत्येकी एक. २०१५ अखेर पार्कचे विजय १७. त्यांतल्या दहांचे दहा, सात मेजरचे चौदा, २०१३च्या सर्वोत्तम खेळाडूचा एक, २०१२ आणि २०१५च्या व्हेअर ट्रॉफीचे दोन. बरोबर सत्तावीस. पण टूरवर दहा हंगाम पुरे व्हायची अटही होती, आणि हंगाम मोजला जायला त्यात दहा स्पर्धा खेळाव्या लागत. दहावा हंगाम २०१६चा, आणि त्याच वर्षी तिचा डावा अंगठा गेला.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा अंगठा क्लबच्या मुठीवर वरून टेकतो. क्लब मागे वर पोचतो तेव्हा त्याचं वजन याच अंगठ्यावर येतं, आणि क्लब जमिनीवर आदळतो तेव्हा धक्काही तोच घेतो. अस्थिबंध दुखावले की खेळाडू नकळत मूठ सैल करतो, बॅकस्विंग आखूड होतो, अंतर घटतं; आणि दाट रफमध्ये क्लब गवतात अडकून फिरतो, तो धरवत नाही. विश्रांती हाच इलाज, आणि तिला स्पर्धांचा आकडा गाठायचा होता. जूनमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या सहालीवर महिला पीजीएची पहिली फेरी पुरी करून तिने दहावी स्पर्धा मोजून घेतली. सत्तावीस वर्षांची पार्क हॉल ऑफ फेममधली सर्वांत तरुण ठरली, आणि से-रीनंतरची दुसरी कोरियन.

ऑगस्टमध्ये रिओ. महिला गोल्फ ऑलिंपिकमध्ये १९०० नंतर पहिल्यांदाच येत होतं. नियमाप्रमाणे क्रमवारीतल्या पहिल्या पंधरांत असतील तर एका देशाच्या चार जणी, आणि कोरियात त्या चौघींत येणं बाकी जगातल्या एखाद्या स्पर्धेइतकं अवघड. पार्कने ब्रिटिश ओपन सोडलं होतं, आणि ऑलिंपिकच्या दोन आठवडे आधी मायदेशातल्या जेजू बेटावरच्या स्पर्धेत तिला कटही करता आला नव्हता. जागा दुसरीला द्यावी, अशी टीका झाली. तिने जागा सोडली नाही. ६६, ६६, वाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी ७०, आणि शेवटी पुन्हा ६६. सोळा अंडर, रौप्य मिळवणाऱ्या न्यूझीलंडच्या लिडिया कोपेक्षा पाच फटके कमी. संघाची प्रशिक्षक म्हणून से-री तिथे होती.

त्याच स्पर्धेत अठरा वर्षांची आपली अदिती अशोक पहिले दोन दिवस ६८, ६८ खेळून पहिल्या दहांत होती. पुढचे दोन दिवस निसटले आणि ती बरोबरीच्या ४१व्या स्थानावर राहिली. पाच वर्षांनी, टोकियोच्या खेळांत, ७ ऑगस्ट २०२१च्या भल्या सकाळी महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ लागलं ते तिच्यासाठी. अदिती पंधरा अंडरवर चौथी आली, कांस्यपदकापासून एका फटक्याने दूर. लांबीत ती त्या साठ जणींत तळाकडे होती आणि ग्रीनवर सगळ्यांत वर. पार्क तिथे बरोबरीच्या तेविसाव्या स्थानी होती. अदितीच्या अंतराची चिंता करणाऱ्यांनी पार्कचं २०१३ साल उघडून बघावं. लांबी हवीच असते, पण जिथे ती नाही तिथे पहिला पट कुठे थांबतो यावरून किती वसूल करता येतं, याचा तो पक्का हिशेब आहे.

रिओनंतरची पार्क कमी स्पर्धा खेळली. २०१७ साली सिंगापूर, २०१८ साली ॲरिझोनात एक विजय आणि एप्रिलमध्ये पुन्हा पहिला क्रमांक. त्याच वर्षी मॅच प्लेमध्ये (दोघींची होलागणिक समोरासमोर लढत) कोरियाच्या घरच्या टूरवरचा पहिला विजय, इतक्या उशिरा. २०२० साली रॉयल ॲडलेडवर ऑस्ट्रेलियन ओपन: विसावा विजय. २०२१च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात किया क्लासिक, पाच फटक्यांनी: एकविसावा. जवळजवळ या सगळ्या वाटचालीत बॅग उचलणारा कॅडी एकच, ऑस्ट्रेलियाचा ब्रॅड बीचर. टूरवर कॅडी वर्षाला बदलतात, त्यामुळे हे दुर्मीळ. पटचं वळण वाचताना दोघांचा अंदाज जुळायला काही वर्षं जातात, आणि जुळल्यावर बोलावं फारसं लागत नाही.

२०२२च्या ऑगस्टमध्ये म्युअरफील्डला ब्रिटिश ओपन खेळून ती थांबली. पुढच्या वर्षी मुलगी झाली, नंतर आणखी एक अपत्य. २०२४ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या खेळाडू आयोगाची निवडणूक तिने लढवली, पण निवडून आलेल्या चौघांत तिचं नाव नव्हतं. टर्नबेरीच्या ओढ्यात चेंडू घालवणारी को जिन-यंग तोपर्यंत पहिल्या क्रमांकावर १६३ आठवडे राहून तो विक्रम आपल्या नावावर करून बसली होती.